मौन कोणाचे, दोष कोणाचा?

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी ही काळी-पिवळी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून दिसेनाशी झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीबरोबर मोटारदुरुस्तीचे एक शास्त्रही निवृत्त झाले, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही. त्या शास्त्राला ग्रंथ नव्हता. मिस्त्री बॉनेट वर करी, इंजिनाजवळ कान नेई, धुराचा वास घेई आणि पॉइंट घासून किंवा कार्बोरेटरच्या जेटमध्ये फुंकर मारून गाडी चालू करून देई. दिव्याची तार दिव्याकडे जाई, हॉर्नची तार हॉर्नकडे. जो भाग चालेनासा होई त्याच्यात, नाहीतर त्याच्या तारेत दोष असे. संशयित आणि अपराधी यांच्यामध्ये फारसे अंतर नव्हते.

आजच्या मोटारीत हे अंतर वाढले आहे. साध्या मोटारीतही लहान-मोठे अनेक संगणक असतात. उंची मोटारींत त्यांची संख्या शंभराच्या घरात जाते. गॅरेजमध्ये त्यांना 'मॉड्यूल' किंवा 'ईसीयू' म्हणतात. इंजिनाला एक, ब्रेकला एक, स्टिअरिंगला एक, एअरबॅगला एक, डॅशबोर्डवरच्या काट्यांना एक. प्रत्येकाचे काम वेगळे. पण एकमेकांवाचून एकाचेही पूर्णपणे भागत नाही. चाके किती वेगाने फिरत आहेत हे ब्रेकचे मॉड्यूल मोजते. तोच आकडा वेग दाखविणाऱ्या काट्याला हवा असतो. स्टिअरिंग कितपत हलके ठेवावे हे ठरविण्यासाठीही तो लागतो. आणि गाडीने वेग घेताच दारे आपोआप बंद करणारे मॉड्यूलही त्याचीच वाट पाहत असते. या प्रत्येक गरजेसाठी स्वतंत्र तार ओढली असती, तर मोटार म्हणजे तारांचे एक भले मोठे भेंडोळे झाले असते.

या अडचणीवर जर्मनीतील बॉश कंपनीत १९८३ साली काम सुरू झाले. फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी भरलेल्या मोटार-अभियंत्यांच्या परिषदेत तिथल्या अभियंत्यांनी आपली पद्धत मांडली. १९९१ मध्ये बाजारात आलेल्या मर्सिडीज-बेंझच्या एस-श्रेणीतील गाडीत ती वापरली गेली आणि १९९३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. 'कंट्रोलर एरिया नेटवर्क' हे तिचे नाव. आद्याक्षरांवरून जगभर ती 'कॅन' म्हणून ओळखली जाते. भारतात १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज ६' ही प्रदूषणमर्यादा लागू झाली. तिच्यासाठी इंजिनावर संगणकाचा पहारा अपरिहार्य ठरला, आणि महानगरांतल्या बड्या कार्यशाळांपुरते राहिलेले हे प्रकरण तालुक्याच्या गावातील गॅरेजच्या दारात येऊन उभे राहिले.

या पद्धतीची घडण मोठी मनोवेधक आहे. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा गाडीभर फिरतात आणि सारी मॉड्यूले त्यांनाच जोडलेली असतात. एका तारेला 'हाय' म्हणतात, दुसरीला 'लो'. कोणी बोलत नसते तेव्हा दोन्ही तारांवर सुमारे अडीच व्होल्ट असतात. बोलणे सुरू झाले की हाय तार साडेतीन व्होल्टपर्यंत चढते आणि लो तार दीड व्होल्टपर्यंत उतरते. ऐकणारे मॉड्यूल एकेका तारेकडे न पाहता दोघींमधला फरक तेवढा पाहते. बाहेरचा विद्युत् उपद्रव पिळामुळे दोन्ही तारांवर सारखाच आदळतो, म्हणून फरक जवळजवळ तसाच राहतो. संदेश तारेच्या टोकाला आपटून प्रतिध्वनीसारखा मागे फिरू नये, यासाठी दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध बसविलेला असतो. सर्वसाधारण गाडीत या तारांवरून सेकंदाला पाच लाख चिन्हे जातात.

या संभाषणाला शिस्तही आहे. संदेशावर कोणाचे नाव-गाव नसते. तो कशाविषयी आहे याचा क्रमांक तेवढा असतो. सर्वजण ऐकतात, आणि ज्याला गरज असेल तो घेतो. दोघांनी एकाच क्षणी बोलायला सुरुवात केली, तर ज्याच्या संदेशाचा क्रमांक लहान, म्हणजे काम अधिक निकडीचे, तो बोलत राहतो आणि दुसरा आपण होऊन थांबतो. पहिल्याचा एक शब्दही वाया जात नाही. प्रत्येक संदेशाच्या शेवटी, तो नीट ऐकणाऱ्यांनी पोच द्यायची असते. संदेश बिघडलेला आढळला, तर ज्याच्या लक्षात येईल त्याने तत्काळ हरकत घ्यायची आणि बोलणाऱ्याने तो पुन्हा सांगायचा. एवढ्यावर हे थांबत नाही. प्रत्येक मॉड्यूल स्वतःच्या चुकांचा हिशेब ठेवते. पाठविलेला संदेश फसला की खात्यात आठ गुण चढतात. नीट पोचला की एक गुण उतरतो. हा आकडा १२७ च्या वर गेला की ते मॉड्यूल दुसऱ्यांच्या बोलण्यात जोराने हरकत घेण्याचा अधिकार गमावते, आणि २५५ च्या वर गेला की ते तारेवरून स्वतःला बाजूला करून घेते. आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होत असावा, अशी शंका येताच आपण होऊन मौन पत्करणारे हे यंत्र आहे.

याच मौनाचा अर्थ लावताना माणसाची गल्लत होते.

समजा, बेळगाव आणि पणजी यांच्यामध्ये चोर्ला घाटातून प्रवासी नेणारी एक टॅक्सी आहे. गाडी कर्जावर घेतलेली. ती जितके दिवस उभी राहील, तितक्या दिवसांची मिळकत बुडणार आणि हप्ता मात्र चुकणार नाही. आषाढातल्या एका पहाटे घाटात अचानक वेगाचा काटा शून्यावर येतो. ब्रेकचा, एअरबॅगचा आणि स्टिअरिंगचा असे तिन्ही दिवे एकदम लागतात आणि ऐन वळणावर स्टिअरिंग जड होते. ब्रेक दाबले तर लागतात. पण निसरड्या रस्त्यावर चाके जखडू न देणारी यंत्रणा वेळेला धावून येईल याची शाश्वती उरत नाही. दोन मिनिटांत सारे पूर्ववत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालूच होत नाही. दुपारी ऊन पडते आणि ती पहिल्याच झटक्यात चालू होते.

चालक ती दुपारीच गॅरेजमध्ये नेतो. स्टिअरिंगखालच्या सोळा खाचांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला जातो आणि पडद्यावर नोंदी उमटतात. नोंदीचे पहिले अक्षर महत्त्वाचे. 'पी' म्हणजे इंजिन आणि त्याची शक्ती चाकांपर्यंत नेणारे भाग, 'सी' म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगसारखे भाग, 'बी' म्हणजे गाडीचे अंग, आणि 'यू' म्हणजे या सर्वांमधील संभाषण. इथे ब्रेक, एअरबॅग आणि डॅशबोर्ड या तिघांच्याही वहीत 'यू ०१००' ही नोंद आहे. तिचा अर्थ, इंजिनाच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला. तीन साक्षीदार एकाच नावाकडे बोट दाखवीत आहेत. मग शंकेला जागा कुठे राहिली? इंजिनाचे मॉड्यूल बदलण्याचा निर्णय होतो. त्याची किंमत हजारांत मोजावी लागते, आणि किल्लीची चोरीविरोधी खूण त्याच्याशी पुन्हा जुळवून घ्यावी लागते. गाडी दोन दिवस उत्तम चालते. तिसऱ्या दिवशी रात्रभर पाऊस पडतो आणि सकाळी गाडी पुन्हा मुकी. मधल्या दोन दिवसांचे श्रेय नव्या मॉड्यूलचे नव्हतेच; ते उन्हाचे होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

असे का झाले? त्या गॅरेजमध्ये कोणी अप्रामाणिक होते असे नव्हे. त्यांनी साक्ष हाच निकाल मानला. 'यू ०१००' ही नोंद इंजिनाच्या मॉड्यूलने केलेली नाही. ती त्याची वाट पाहणाऱ्यांनी केलेली आहे. तिचा खरा अर्थ एवढाच की, ठरलेल्या वेळात इंजिनाचा शब्द आमच्या कानी आला नाही. तो बोललाच नाही, की बोलला आणि वाटेत हरवला, की दुसऱ्याच कोणाच्या गोंगाटात बुडाला, हे ती नोंद सांगत नाही. सांगू शकतही नाही. त्याच वेळी इंजिनाच्या वहीत कोणी डोकावले असते, तर तिथे 'यू ०१२१' ही नोंद सापडली असती. तिचा अर्थ, ब्रेकच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला. ब्रेक म्हणतो इंजिन गप्प होते. इंजिन म्हणते ब्रेक गप्प होता. दोघेही खरे बोलत आहेत. ज्या तंट्यात वादी आणि प्रतिवादी दोघेही खरे बोलतात, त्यात चौकशी त्या दोघांच्या मधल्या वाटेची करावी लागते.

आपल्या जुन्या वैद्यकात 'निदान' या शब्दाचा अर्थ केवळ रोग ओळखणे असा नाही. रोगाचे मूळ कारण असा आहे. माधवनिदानात रोगज्ञानाची पाच साधने सांगितली आहेत: निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे आधीची चाहूल, रूप म्हणजे लक्षण, उपशय म्हणजे कशाने उतार पडतो त्यावरून घेतलेली परीक्षा, आणि संप्राप्ती म्हणजे रोग कसकसा घडत गेला त्याचा क्रम. स्कॅनर यांपैकी फक्त रूप दाखवितो. उरलेली चार माणसालाच शोधावी लागतात.

तीच टॅक्सी दुसऱ्या एका मेकॅनिककडे जाते. तो स्कॅनर लावण्यापूर्वी चालकाला प्रश्न विचारतो. बिघाड केव्हा होतो? सकाळी, पावसानंतर. अलीकडे गाडीवर काही काम झाले होते का? दोन महिन्यांपूर्वी मागून धक्का बसला. बंपर रंगविला, उजवा दिवा बदलला. त्यानंतर आणखी काही? डिकीत ओलसर वास येतो, आणि आठवडाभर गाडी मागे घेताना वाजणारी शिट्टी वाजत नाही. पण ते तर किरकोळ. ही किरकोळ वाटणारी दोन उत्तरे म्हणजेच पूर्वरूप होय. मेकॅनिक गाडी रात्रभर उघड्यावर ठेवून घेतो, कारण बिघाड हजर नसताना घेतलेली परीक्षा बहुधा फोल ठरते.

सकाळी गाडी चालू होत नाही. तो सर्वप्रथम बॅटरी पाहतो. विसावलेल्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या थोडे वर असावे लागते. कमी दाबावर मॉड्यूल बोलूच शकत नाही, आणि उपाशी माणसाच्या गप्प बसण्याला आजार म्हणता येत नाही. मग तो इंजिनाच्या मॉड्यूलचा फ्यूज, त्याला येणारा वीजपुरवठा आणि त्याचे अर्थिंग तपासतो. सर्व ठीक आहे. पुढे स्कॅनरवर तो हजेरी घेतो. एकच मॉड्यूल गैरहजर असेल, तर त्याचा फ्यूज, त्याचे अर्थिंग आणि त्याच्याकडे जाणारा फाटा पाहायचा. चार-पाच एकत्र गैरहजर असतील, तर त्यांना जोडणारा सांधा पाहायचा. इथे कोणीच हजेरी देत नाही. म्हणजे दोष घरात नसून रस्त्यात आहे.

बॅटरी सोडवून तो सॉकेटच्या सहाव्या आणि चौदाव्या खाचेत मल्टिमीटरची टोके धरतो. १२० ओहमचे दोन रोध समांतर जोडलेले असल्यामुळे तिथे ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले, तर एक रोध तुटलेला किंवा मुख्य तार मध्येच खंडित. शून्याजवळ दिसले, तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटलेल्या. इथे नेमके ६० दिसतात. उतावळा माणूस इथे म्हणेल की तारा निर्दोष आहेत. पण ६० ओहम हे अर्धेच उत्तर आहे. मुख्य तारेवरून निघालेला एखादा फाटा तुटला, तरी ६० च दिसतात. एखादी तार जमिनीला, म्हणजे गाडीच्या अंगाला टेकली, तरीही ६० च दिसतात. म्हणून तो बॅटरी पुन्हा जोडतो, किल्ली फिरवितो आणि प्रत्येक तारेवरचे व्होल्ट स्वतंत्रपणे मोजतो. निरोगी गाडीत हाय तारेवर अडीचच्या किंचित वर आणि लो तारेवर किंचित खाली असा आकडा मिळतो. इथे दोन्ही तारा शून्याच्या आसपास आहेत. टोकांच्या रोधांनी दोघी एकमेकींशी बांधलेल्या असल्यामुळे एक बुडाली की दुसरीलाही बुडविते. कोणीतरी तार जमिनीकडे ओढून धरली आहे.

हे कोण करीत आहे? इथे उपशयाची पाळी येते. गाडीचा वायरिंगचा नकाशा समोर ठेवून मेकॅनिक एकेका मॉड्यूलचा कनेक्टर काढतो आणि व्होल्ट पाहतो. एअरबॅगच्या बाबतीत तो कंपनीच्या पुस्तकातील सूचना पाळतो. बॅटरी सोडवून सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय त्या कनेक्टरला हात लावीत नाही, आणि एअरबॅग उडविणाऱ्या जोडणीवर मल्टिमीटर कदापि धरीत नाही. डॅशबोर्ड काढला, फरक नाही. ब्रेक काढला, फरक नाही. ओलसर वासाची आठवण होऊन तो डिकीचे अस्तर उचकटतो आणि पार्किंग सेन्सरच्या मॉड्यूलचा कनेक्टर काढतो. दोन्ही तारा अडीच व्होल्टवर येतात. किल्ली फिरविताच इंजिन चालू होते.

या मॉड्यूलचे नाव कोणाच्याही वहीत नव्हते. ते गैरहजर असले तरी इंजिनाचे काही अडत नाही, ब्रेकचे अडत नाही. म्हणून त्याच्याबद्दल तक्रार करण्याचे कोणाला कारणच पडले नाही. मात्र ज्या गाडीत सर्वजण एकाच जोडतारेवर बसलेले असतात, तिथे सर्वांत कनिष्ठ मॉड्यूलही सर्वांचे तोंड बंद करू शकते. त्याच्यात पाणी शिरले होते. पाणी का शिरले? बदललेल्या दिव्यामागचे रबरी गॅस्केट नीट बसविलेले नव्हते. आता संप्राप्तीची साखळी पूर्ण झाली: गॅस्केट सैल, डिकीत पाणी, मॉड्यूल ओले, तार जमिनीला, साऱ्यांचा आवाज बंद, आणि दोषारोप इंजिनावर. मूळ कारण ते गॅस्केट. पार्किंगचे मॉड्यूल बदलले आणि गॅस्केट तसेच ठेवले, तर पुढच्या पावसात नवे मॉड्यूलही त्याच वाटेने जाईल.

प्रत्येक गाडीत हा शोध इतका सरळ नसतो. अनेक नव्या गाड्यांत सॉकेट आणि आतील तारा यांच्यामध्ये 'गेटवे' नावाचा एक द्वारपाल असतो. तिथे सॉकेटवर मोजलेले ओहम आतली हकीकत सांगत नाहीत. कधी उंदराने तार कुरतडलेली असते, कधी नंतर बसविलेल्या म्युझिक सिस्टिमची तार चुकीच्या जागी जोडलेली असते. कधी दुरुस्ती करणाऱ्यानेच तारांचा पीळ लांबवर सोडून ठेवलेला असतो, आणि मग इंजिनाच्या गोंगाटात संदेश विस्कटतात. क्षणार्धात येऊन जाणारा दोष मल्टिमीटरला पकडता येत नाही. त्यासाठी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दोन्ही तारांची चढउतार पाहावी लागते. साधने बदलतात, क्रम बदलत नाही. आधी इतिहास, मग पुरवठा, मग हजेरी, मग रस्ता, आणि मॉड्यूल बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी.

या प्रकरणाला एक व्यावहारिक बाजूही आहे. दुसऱ्या मेकॅनिकने गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळचे तीन तास मोजमापात घालविले. त्याच्या बिलात पार्किंगचे मॉड्यूल आणि रबराचे गॅस्केट, एवढ्याच दोन वस्तू दिसतील. तीन तासांच्या विचाराची मजुरी त्याने लावली, तर गिऱ्हाईक विचारील, "नुसते तपासायचे पैसे कसले?" नव्या मॉड्यूलसाठी हजारो रुपये देताना मात्र त्याने हा प्रश्न विचारला नव्हता, कारण तिथे हातात एक वस्तू पडत होती. आपल्याकडे सुट्या भागाची किंमत असते, निदानाची नसते. आणि जिथे निदानाची किंमत नसते तिथे भाग बदलत राहणे हाच सोपा धंदा होऊन बसतो. वैद्याला तपासणीची फी देण्यात आपल्याला वावगे वाटत नाही. घाटातल्या वळणावर पाच-सहा जिवांचा भार ज्या यंत्रावर असतो, त्याच्या वैद्यालाही ती द्यायला काय हरकत आहे?

जुना मिस्त्री इंजिनाला कान लावीत असे. आजच्या कारागिराचा कान आता दोन तारांवरील अडीच व्होल्टांकडे असतो. पण ऐकण्याचे काम सुटलेले नाही. उलट ते अधिक अवघड झाले आहे, कारण आता यंत्रेच एकमेकांविषयी बोलू लागली आहेत. त्यांची साक्ष अवश्य घ्यावी. मात्र निकाल देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: ज्याच्याविषयी कोणाचीच तक्रार नाही, तो कुठे आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे? बेळगावच्या त्या टॅक्सीत तो डिकीच्या अस्तराखाली पाण्यात बसला होता.